ताणावरचा मोगरा

[दृश्य: कुंपणालगत छाटलेली झुडपं, भेगाळलेली माती]

ठाण्याच्या नौपाड्यातली ही एक जुनी सोसायटी. महिना जानेवारी. हा मोगरा बघून कुणीही म्हणेल, गेला. पानं पिवळी पडून गळलेली, फांद्या उघड्या, आळं कोरडं ठणठणीत. पण याला पाणी द्यायचं कुणी विसरलेलं नाही. माळीकाकांनी ते मुद्दाम तोडलंय. झाड ताणावर सोडलंय.

पाणी तुटलं की नवी पालवी थांबते, झाड विसावा घेतं. मग बाहेर निघतो सिकेटर, छाटणीची कात्री.

[दृश्य: काकांचा हात, काप अगदी जवळून]

हा काप नीट बघा. डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवा फुटवा येतो त्या जागेच्या, किंचित वर आणि तिरका, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. आधी वाळकी, रोगट, आत वळलेली फांदी काढायची. मग बाकीच्या गुडघ्याएवढ्या ठेवायच्या. मोगऱ्याला कळ्या धरतात त्या नव्या फुटव्यांवर. जुन्या फांद्या जपत बसलं तर पाला भरपूर, फुलं मोजकीच. हे दरवर्षी समजावून सांगावं लागतं, आणि तरी ‘झाड मारलं’ ही तक्रार कमिटीकडे दरवर्षी जातेच.

आता आळं. खुरप्यानं वरची माती सैल करून तिला दोन-चार दिवस ऊन खाऊ द्यायचं. मग शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, आणि हे जे काळंभोर दिसतंय ते. मागच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात वर्षभर कुजवलेला पालापाचोळा. या आवारातलं पान घंटागाडीत जात नाही आणि जाळलंही जात नाही. हाताच्या चिमटीत ही माती कशी मोडते, बघा. पहिलं पाणी बेताचं. दुसरं मात्र पोटभर.

[दृश्य: येऊर, निष्पर्ण काटेसावर, पक्षी]

फुटवे यायला वेळ होता, म्हणून कॅमेरा येऊरच्या जंगलात नेला. मोगऱ्याशी याचा संबंध काय, असं वाटेल. इथे ताण देणारा माळी म्हणजे ऋतूच. कोरड्या दिवसांत काटेसावर सगळी पानं टाकते आणि नुसत्या फांद्यांवर ही लालभडक, जाड पाच पाकळ्यांची फुलं येतात. साळुंकी फुलात डोकं खुपसते ती मधासाठी, बाहेर येते कपाळावर पराग घेऊन. मागोमाग बुलबुल, कोतवाल. आणि हा एवढासा शिंजीर, सगळ्यांना हुसकावू पाहणारा. हे चित्र कापवेना, म्हणून जरा लांबलंय.

[दृश्य: पोपटी फुटवे, कळ्या]

परत नौपाड्यात. प्रत्येक कापाखालून पोपटी फुटवे आलेत, टोकाला कळ्यांचे झुबके. कळी आधी हिरवट असते, मग पांढरी होऊन टच्च भरते आणि संध्याकाळ कलली की उमलते. गजऱ्यासाठी ती उमलण्याआधीच खुडावी लागते. जव्हार-विक्रमगडकडच्या मोगऱ्याच्या वाड्यांमध्येही छाटणी आणि पाण्याचंच हे गणित असतं. तिथे त्यावर घरं चालतात.

[दृश्य: मार्च, संध्याकाळ, बाकावरची माणसं]

होळी झाली, पाडवा तोंडावर आला. वास काही कॅमेऱ्यात येत नाही. चेहरे बघा.

[थोडा वेळ निवेदन नाही]

सोसायटीचा पुनर्विकास ठरलाय. नव्या नकाशात बाग आहे, पार्किंगच्या छतावर, कुंड्यांमध्ये. या झाडांचं काय, ते त्यात लिहिलेलं नाही.

[दृश्य: सकाळ, परडी घेतलेल्या आजी]

काकांनी मात्र छाटलेल्या काड्या टाकल्या नाहीत. वीतभर लांबीचे तुकडे करून, खालची पानं काढून पिशव्यांत लावले. त्यातले बरेच जगलेत. पिशव्या जिन्याखाली रांगेत आहेत, ज्याला हव्या त्यानं न्याव्यात.

“काका, दोन पिशव्या माझ्या नावानं ठेवा हो. आणि ती वरची फांदी जरा खाली धरा, देवाला पाचच फुलं घेते.”

“आजी, काल पण पाचच म्हणाला होतात.”




[दृश्य: भरलेली परडी. श्रेयनामावली]