फ्रॅग : छावणीतल्या तंबूपासून स्कोअरबोर्डापर्यंत

काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट हे गोळीबाराचे व्हिडिओ गेम खेळणारं पोर घरात असेल, तर ‘आज मीच टॉप फ्रॅग’ हे तुमच्या कानावर पडलं असेल. म्हणजे सगळ्यांत जास्त गडी त्याने टिपले. तळाशी राहिला तो बॉटम फ्रॅग, आणि पुढे घुसून पहिला गडी टिपायचं काम ज्याच्याकडे तो एन्ट्री फ्रॅगर. पोरं हा शब्द ‘चौकार’ म्हणावं तितक्या सहज म्हणतात.

या शब्दाचं मूळ लॅटिन क्रियापद ‘फ्रांगेरे’, म्हणजे मोडणं. आपलं ओळखीचं फ्रॅक्चर त्याच कुळातलं. फ्रॅगमेंटेशन ग्रेनेड म्हणजे फुटल्यावर ज्याच्या पोलादी ठिकऱ्या चौफेर उडतात तो हातबॉम्ब. एवढं लांबलचक नाव कोण घेत बसणार? सैनिकांनी त्याचं ‘फ्रॅग’ केलं.

पुढचा टप्पा मात्र काळा आहे. 1969 पासून व्हिएतनाममधून अमेरिकी फौजा टप्प्याटप्प्याने परतू लागल्या. जे युद्ध सोडून निघायचं ठरलंय, त्यात शेवटचा बळी व्हायला कोण तयार होईल? अशा वेळी एखादा अधिकारी माणसांना विनाकारण धोक्यात लोटतोय असं वाटलं, की रात्री त्याच्या तंबूत ग्रेनेड पडे. गोळी सापडली तर बंदुकीचा माग काढता येतो; फुटलेल्या ग्रेनेडवर हाताचे ठसे कुठले? आपल्याच वरिष्ठाला असं उडवणं म्हणजे ‘फ्रॅगिंग’. एप्रिल 1971 मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये यावर जाहीर चर्चा झाली. म्हणजे या शब्दाचा खरा अर्थ ‘शत्रूला मारणं’ नव्हताच. आपल्यातल्याला मारणं, हा होता.

डिसेंबर 1993 मध्ये टेक्सासच्या आयडी सॉफ्टवेअर कंपनीने ‘डूम’ हा राक्षसांना गोळ्या घालायचा गेम आणला. त्यात नेटवर्कवर चार जण एकमेकांशी लढू शकत. या लढतीला डेथमॅच म्हणत, आणि तिच्यात पडद्याखालच्या पट्टीवर शस्त्रांच्या जागी ‘फ्रॅग’ असा रकाना येई. मला खरी गंमत वाटते ती हिशेबाची. राक्षस मारले तर ते ‘किल्स’. समोरचा जिवंत खेळाडू मारला, तर ‘फ्रॅग’. चौघे एकाच बाजूने राक्षसांशी लढत असतील तेव्हाही सोबत्याला गोळी लागे, आणि तो मेला तर शेवटच्या तक्त्यात त्याची नोंद फ्रॅग्जच्या रकान्यात होई. कुणी कुणाला मारलंच नसेल, तर तो रकाना दिसतही नसे. व्हिएतनामचा अर्थ तिथे, कळत असो वा नकळत, जवळजवळ जसाच्या तसा उतरला होता.

1996 च्या ‘क्वेक’ या गेममध्ये तर ‘फ्रॅगलिमिट’ ही आज्ञाच होती: इतके फ्रॅग झाले की सामना संपला. तिथून फ्रॅग हा निव्वळ गुण झाला. आता स्वतःच्या गड्याला मारलं तर त्याला ‘टीम किल’ म्हणतात, आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये ते वारंवार केलंत तर गेम तुम्हाला सामन्याबाहेर काढतो.