धाप लागते म्हणून बसून राहू नका

श्रोतेहो, नमस्कार.

फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा माणूस घरात असला, की त्याला खुर्चीत बसवून ठेवण्याची आपल्याकडे रीतच आहे. "तुम्ही उठू नका, पाणी मी आणून देते," असे सून म्हणते, आणि त्यात माया असते यात शंका नाही. पण सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजारात, हीच माया माणसाला हळूहळू अंथरुणाला खिळवते. चालले की धाप लागते म्हणून तो चालणे टाळतो, न चालल्याने मांड्यांचे स्नायू बारीक होतात, आणि अशक्त स्नायूंना तेवढ्याच कामासाठी अधिक श्वास लागत असल्यामुळे पूर्वी जिन्यावर लागणारी धाप आता मोरीपर्यंत जातानाच लागते. हे चक्र उलटे फिरवणाऱ्या उपचाराला पल्मनरी रिहॅबिलिटेशन, म्हणजेच फुप्फुस पुनर्वसन, असे म्हणतात.

या उपचाराने फुप्फुसे पूर्ववत होत नाहीत; नळीत फुंकून करायच्या तपासणीचे आकडे जवळपास तेच राहतात. सुधारतात ते पाय, आणि कमी होते ती धापेची भीती. २०१५ साली, वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात ६५ चाचण्यांमधील ३,८२२ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा पुनर्वसन घेतलेले रुग्ण सहा मिनिटांत इतरांपेक्षा सरासरी सुमारे ४४ मीटर अधिक चालू शकत होते. एवढे अंतर किरकोळ वाटेल, पण चाळीच्या टोकाला असलेल्या सामाईक संडासापर्यंत ज्याला मध्ये थांबून थांबून जावे लागते, त्याला ते किरकोळ वाटत नाही.

सुरुवात होते ती याच सहा मिनिटांच्या चालण्याने. साधारण ३० मीटरच्या सपाट व्हरांड्यात, बोटाला ऑक्सिमीटर लावून, रुग्णाला आपल्या चालीने येरझारा घालायला सांगतात. दम लागला तर थांबता येते, मात्र घड्याळ थांबत नाही. त्यावरून व्यायाम ठरतो आणि तो आठवड्यातून दोन-तीन वेळा, किमान सहा ते आठ आठवडे, देखरेखीखाली करायचा असतो. त्यासाठी महागडी यंत्रे लागतातच असे नाही. चालणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलणे, एवढ्यावरही बरेच साधते. व्यायाम करताना धाप लागलीच पाहिजे, पण छोटे वाक्य बोलता येईल इतपतच.

हातांचा व्यायाम कशासाठी, असे अनेकजण विचारतात. या आजारात मानेचे आणि खांद्याचे स्नायू श्वासाच्या मदतीला धावलेले असतात. फडताळावरचा डबा काढायला किंवा वेणी घालायला हात वर गेले, की तेच स्नायू दोन्हीकडे ओढले जातात आणि श्वास अपुरा पडतो. म्हणून हात बळकट करायचे, आणि तोवर रोजचे डबे कमरेच्या उंचीवर ठेवायचे, आंघोळ स्टुलावर बसून करायची.

श्वास सोडण्याची एक पद्धतही शिकवतात: नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा, ओठांचा चंबू करून, चार अंक मोजेपर्यंत सोडायचा. श्वास सोडताना रुग्णाच्या बारीक श्वासनलिका मिटतात आणि हवा आतच अडकते. चंबूमुळे आत थोडा दाब राहतो आणि वाट उघडी राहते. इथे जोर लावायचा नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण विडी-सिगारेटला कधी हातही न लावता केवळ चुलीच्या धुराने आजारी झालेल्या कितीतरी बायकांचे ओठ आयुष्यभर फुंकणीला सरावलेले असतात.

पंप, म्हणजे श्वासावाटे औषध घ्यायचा इनहेलर, ओढण्याची पद्धत, आहार, मनाची उभारी हेही या उपचारात येते. छातीत दुखत असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर मात्र आधी डॉक्टरांचा होकार घ्यावा. आजार बळावल्यामुळे दवाखान्यात राहून आलेल्यांनी या उपचाराची चौकशी घरी परतल्यावर लगेचच करावी, कारण त्या दिवसांत पायांतले बळ सर्वांत झपाट्याने ओसरलेले असते.

कार्यक्रम संपला आणि व्यायाम सुटला, तर मिळवलेले वर्ष-दीड वर्षात ओसरू लागते. मध्येच खोकला वाढला, बेडका पिवळा-हिरवा झाला, ताप आला, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. आणि बरे वाटल्यावर जिथे सोडले होते तिथून नव्हे, तर थोडे मागे येऊन, कमी फेऱ्यांपासून पुन्हा चालायला लागावे.

नमस्कार.