मखमलीवरचा ठसा

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली काठ्यांसारखे जिवाणू. लांब होतायत, दुभंगतायत.)

हा ई. कोलाय. लांबी साधारण 2 मायक्रोमीटर. एका मिलिमीटरात असे पाचशे ओळीने मावतील. खायला भरपूर आणि हवी तेवढी ऊब मिळाली, की दर वीस मिनिटांनी एकाचे दोन होतात. या थेंबात आता अँपिसिलिन सोडलंय, पेनिसिलिनच्या घराण्यातलं एक अँटिबायोटिक. आधी काहीच घडत नाही, वाढ चालूच राहते. मग मधोमध, जिथे पेशी दुभंगायची असते तिथेच, एक फुगा येतो. तो वाढत जातो आणि पेशी फटकन फुटते. मागे उरतं फिकट टरफल.

पेशी फुटली ती स्वतःच्या आतल्या दाबाने. जिवाणूच्या पोटात क्षार, साखर, प्रथिनं खच्चून भरलेली असतात, त्यामुळे बाहेरचं पाणी सतत आत घुसू पाहतं. हा दाब पेलते पेशीभित्तिका. साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे टाके घालणारे अमिनो आम्लांचे तुकडे, अशी तिची वीण. वाढायचं तर ही वीण जागोजागी उसवून नवे धागे घालावे लागतात. उसवणारी विकरं (एन्झाइम) वेगळी, टाके घालणारी वेगळी. टाके घालणारं विकर तुकड्याच्या टोकाची डी-अ‍ॅलानिन या अमिनो आम्लाची जोडी ओळखून कामाला लागतं. पेनिसिलिनचा रेणू नेमका त्या जोडीसारखा दिसतो. विकर त्याला धरतं, त्यातलं चार अणूंचं कडं उघडतं, आणि पेनिसिलिन विकरालाच चिकटून बसतं. टाके थांबतात, उसवण थांबत नाही.

वाढ थांबवून निपचित पडलेला जिवाणू म्हणूनच पेनिसिलिनच्या तावडीतून सुटतो. जोसेफ बिगर यांनी 1944 साली अशा चिवट उरलेल्यांना ‘पर्सिस्टर’ म्हटलं. पुन्हा वाढू लागले की त्यांची पिल्लं औषधाला पूर्वीसारखीच बळी पडतात. यांना रेझिस्टंट, म्हणजे वाढत असतानाही औषधाला दाद न देणारे, म्हणायचं नाही. गल्लत नेहमी होते ती इथेच.

बाकीची औषधं दुसरीकडे घाव घालतात. टेट्रासायक्लिन आणि एरिथ्रोमायसिन रायबोसोम अडवतात, म्हणजे प्रथिनं बनणं बंद. सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकराला जखडतं. रिफॅम्पिसिन डीएनएवरून आरएनए उतरवून घेणं थांबवतं. आपल्या पेशींना भित्तिका नसते आणि रायबोसोमची घडणही वेगळी, म्हणून ही औषधं आपल्याला पचतात. विषाणूकडे तर यातलं काहीच नसतं. सर्दीवर घेतलेली अँटिबायोटिकची गोळी सर्दीच्या विषाणूला शिवतही नाही. ती छाटणी करते आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंची.

(दृश्य: ताणून बसवलेलं मखमली कापड. त्यावर उपडी होणारी पेट्री डिश.)

‘जंतू औषधाला सरावतात’ असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही, आणि हे दाखवायला मखमलीचा एक तुकडा पुरला. 1952 साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी औषध नसलेल्या अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, जिवाणूंचा दाट थर वाढवला. डिशएवढ्या गोल ठोकळ्यावर निर्जंतुक मखमल ताणून तो थर त्यावर हलकेच दाबला. मखमलीच्या उभ्या लवेवर जिवाणू जसेच्या तसे उमटले. मग त्याच ठशावर, दिशेची खूण जुळवून, स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या डिश एकामागून एक दाबल्या. बहुतेक जागा मोकळ्या राहिल्या. मोजक्या वसाहती उगवल्या, त्याही वेगवेगळ्या डिशवर त्याच त्याच ठिकाणी. मूळ डिशवरच्या त्या जागचे जिवाणू उचलून वाढवले, पुन्हा ठसा घेतला, पुन्हा उचलले. शेवटी हाती आले स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारे जिवाणू, ज्यांच्या एकाही पूर्वजाची त्या औषधाशी गाठ पडलेली नव्हती.

बदल आधीच झालेला असतो. औषध फक्त बाकीच्यांना बाजूला काढतं.

रिफॅम्पिसिनचं उदाहरण घ्या. साधारण दहा कोटी जिवाणूंत एक जण त्याला न जुमानणारा निघतो. रात्रभर वाढवलेल्या गढूळ द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये शंभर कोटींच्या वर जिवाणू असतात. म्हणजे असे दहा तरी आधीपासूनच तिथे बसलेले. क्षयरोगावर एकच औषध का देत नाहीत, ते यावरून कळतं. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत एकटं स्ट्रेप्टोमायसिन दिलेले रुग्ण आधी सुधारले, पण पुढे अनेकांच्या थुंकीत रेझिस्टंट जंतू सापडले. दोन औषधांना एकाच वेळी पुरून उरायचं तर दोन दुर्मीळ बदल एकाच पेशीत जुळून यावे लागतात, आणि तितके जंतू शरीरात सहसा नसतात.

बदल होतो म्हणजे काय होतं? कधी औषध जिथे चिकटतं तो भागच पालटतो. कधी आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकलं जातं. कधी औषध थेट मोडलं जातं: बीटा-लॅक्टमेझ हे विकर पेनिसिलिनचं तेच चार अणूंचं कडं तोडतं, आणि यातल्या तरबेज विकराचा एकेक रेणू सेकंदाला हजारावर पेनिसिलिनचे रेणू निकामी करतो. म्हणून अमॉक्सिसिलिनच्या जोडीला क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड देतात. ते या विकराला गुंतवून ठेवतं.

यापेक्षा जास्त डोकेदुखी प्लास्मिडची. हे डीएनएचं छोटं वर्तुळ एक जिवाणू शेजाऱ्याला देऊ शकतो, तो वेगळ्या जातीचा असला तरी. एकाच प्लास्मिडवर चार-पाच औषधांविरुद्धची जनुकं असू शकतात. मग त्यातलं कुठलंही एक औषध वापरलं, तरी सगळा संच टिकून राहतो.

(दृश्य: प्रयोगशाळा. कापसाच्या बोळ्याने डिश सारवली जातेय.)

रुग्णाच्या जंतूवर कोणतं औषध चालेल, हे अशा डिशवर ठरतं. जंतूंच्या थरावर औषधाची चकती ठेवली, की औषध चालतं तिथे तिच्याभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ उरतं. म्युलर-हिंटन अगारचा थर 4 मिलिमीटरचा हवा. तो पातळ असेल तर औषध आडवं जास्त पसरतं आणि जंतू आहे त्याहून नरम वाटतो. जिवाणूंचं द्रावण 0.5 मॅकफारलंड (गढूळपणाचं माप) इतकंच गढूळ. त्याहून दाट झालं तर वर्तुळ खोटं आक्रसतं. सारवल्यावर पंधरा मिनिटांच्या आत औषधाच्या 6 मिलिमीटरच्या चकत्या ठेवायच्या, आणि 35 अंश सेल्सिअसवर 16 ते 18 तास वाट पाहायची. मग चकतीभोवतीच्या स्वच्छ वर्तुळाचा व्यास मोजून तक्त्याशी ताडायचा.

या वर्तुळात, चकतीपासून जरा दूर, दोन बारीक ठिपके दिसतायत. व्यास मोजून सोडून द्यावं असा मोह इथेच होतो. तंत्रज्ञ मात्र थांबतो, सुईने ते ठिपके उचलतो, नव्या डिशवर रेघाटतो आणि उद्या सकाळी पुन्हा तीच चकती लावायची नोंद करून ठेवतो.