दोरयो खंय आसत?

श्रोतेहो, नमस्कार.

जपानमध्ये नागोयाहून डोंगरात शिरणारी एक गाडी आहे. नदीच्या कडेकडेनं, बोगद्यांतून ती सुमारे अडीच तासांत ताकायामाला पोचवते. गावाच्या उत्तरेला साकुरायामा हाचिमानचं देऊळ आहे आणि देवळाच्या आवारातच उत्सवाच्या रथांचं संग्रहालय. शरद ऋतूतल्या उत्सवाचे एकूण ११ रथ आहेत. त्यातले चार एका वेळी काचेआड उभे असतात, आणि वर्षातून काही वेळा ते चार बदलून दुसरे आणतात.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे रथ चालते आहेत. काचेमागे आहेत म्हणून निवृत्त समजू नका. दरवर्षी ९ आणि १० ऑक्टोबरला गावाचे रथ रस्त्यावर उतरतात. वसंतातला उत्सव वेगळा, तो १४ आणि १५ एप्रिलला. त्याचं देऊळ वेगळं आणि रथही वेगळे, १२. जपानातल्या अशा ३३ रथोत्सवांना २०१६ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, त्यात ताकायामा आहे.

मी तिथे गेलो तो मावशीला घेऊन. मावशी कुडाळची. शेजारच्या पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या बघत ती लहानाची मोठी झालेली, त्यामुळे बाहुल्यांच्या बाबतीत तिला कोणी फसवू शकत नाही, असं तिचं म्हणणं.

उत्सवाच्या दिवशी देवळापुढे होतेइताई नावाचा रथ उभा होता. वरच्या मजल्यावर होतेइ, म्हणजे ढेरपोट्या, हसरा देव. रथातून पुढे एक लांब तुळई काढलेली आणि तिला झोपाळे टांगलेले. त्यावरून दोन बाहुल्या, दोन पोरं, कोलांट्या घेत झोपाळ्यामागून झोपाळा गाठत देवाच्या खांद्यावर पोचतात. सगळा कारभार ३६ दोऱ्यांवर, आणि त्या ओढणारी माणसं रथाच्या पोटात. बाहेरून एकही माणूस दिसत नाही.

पहिलं पोर सरसर गेलं. दुसरं मधल्या झोपाळ्यावर अडलं. हात सुटेना. झोका घेतंय, परत मागे येतंय. हजारो माणसं माना वर करून गप्प. (गप्प गर्दी म्हणजे काय ते आपण विसरलोय. आपल्याकडे मिरवणूक म्हटली की डीजेच्या भिंती. खिडकीची तावदानं थरथरतात आणि त्याला आपण भक्ती म्हणतो. असो.) तर त्या शांततेत आमची मावशी खणखणीत आवाजात म्हणाली, "अरे सोड मरे हात! कितको येळ लोंबकळतलंस!"

आणि पोरानं हात सोडला. पुढचा झोपाळा बरोब्बर पकडला. शेजारच्या जपानी आजीबाई मावशीकडे वळल्या आणि कमरेत वाकून नमस्कार केला, जणू हिनंच ते पोर सोडवलं. मावशीनंही तो नमस्कार हक्कानं स्वीकारला.

उत्सव उरकल्यावर आम्ही संग्रहालयात गेलो. इथली वाट रथांभोवती चढत जाते, म्हणून चाकांपासून कळसापर्यंत सगळं डोळ्यासमोर येतं. काळं रोगण, पितळी पत्रे, कोरीव लाकूड. ही कारागिरी आजकालची नाही. या डोंगरात भात फारसा पिकत नसे, म्हणून आठव्या शतकात हिदा प्रांताला काही कर माफ होते. त्याबदल्यात राजधानीला सुतार पाठवायचे. तिथल्या देवळांना या सुतारांचे हात लागले. पण मावशीला इतिहासात रस नव्हता. ती वाकून रथाच्या पडद्याखाली बघत होती. "दोरयो खंय आसत?"

देखरेख करणाऱ्या एक वयस्कर बाई आल्या. भाषेचा पत्ता नाही. त्यांनी रथाच्या पोटाकडे बोट दाखवलं आणि दहाही बोटं हवेत नाचवली. मावशीनं आपली दहा बोटं नाचवून दाखवली, पण तिच्या पद्धतीनं, वरून खाली. पिंगुळीची बाहुली वरून नाचते. बाईंनी मान हलवली आणि खालून वर. मग दोघी बराच वेळ तेच करत बसल्या. बसल्या म्हणजे उभ्याच. संग्रहालयवाल्यांना जगात कुठेही बाकडी ठेवायला का जड जातं, कळत नाही.

जाल तेव्हा रथाच्या पोटाखालचं छोटं जादा चाक चुकवू नका. रथ वळवायचा झाला की ते खाली सोडतात आणि त्याच्यावर रथ फिरवतात. आणि उत्सवासाठी जाणार असाल तर पावसाची तयारी ठेवा. पाऊस असला की रोगणाला आणि बाहुल्यांना जपायचं म्हणून रथ बाहेर काढत नाहीत. पुन्हा सांगतो, चालते रथ आहेत, म्हणूनच एवढी जपणूक. त्या दिवशी गावातल्या रथांच्या उंच, जाड भिंतींच्या कोठारांपुढे जाऊन उभं राहावं. दारं उघडी असली तर आतला रथ बघायला मिळतो.

नमस्कार.