पोलो जीटीला मोठे ब्रेक लावायचे का?

स्क्रीनवर दिसतेय ती फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. आपल्या चाकणला बनलेली. २०१३ ला आली तेव्हा १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर टॉर्क आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे क्लच पेडल नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०२२ ला पोलो बंद झाली, पण ज्यांच्याकडे आहे ते विकायचं नाव काढत नाहीत, रिमॅप करतात म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवतात, एक्झॉस्ट बदलतात, स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवतात. आणि मग एखाद्या दिवशी एक्सप्रेसवेवर पुढचा कंटेनर इंडिकेटर न देता लेन बदलतो आणि पाय ब्रेकवर जातो तेव्हा डोक्यात येतं की पळवायची सोय तर केली, थांबवायचं काय?

मग शोधायला लागलं की समोर येतात ते हे लाल रंगाचे जाडजूड कॅलिपर, भोकं पाडलेल्या मोठ्या डिस्क (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, कॅलिपर म्हणजे तिच्यावर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा), आणि किंमत लाखाच्या घरात. घालायचे का एवढे पैसे? रोडवर चालणाऱ्या पोलोसाठी माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते का ते नीट समजून घेऊ, कारण ब्रेककडे दुर्लक्ष करा असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

गाडी थांबवतो टायर. ब्रेक चाक अडवतो, पण रस्त्याला धरून ठेवणारा जो भाग असतो तो टायरचा तळहाताएवढा तुकडा, चार चाकांचे मिळून असे चार तुकडे, बस. आता बंदिस्त मोकळ्या जागेत, मागे कुणी नाही बघून, ताकदीने ब्रेक दाबा. पेडल थरथरलं, खालून कटकट आवाज आला, म्हणजे एबीएस, चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, लागलं, आणि एबीएस लागलं याचा अर्थ तुमच्या कंपनीच्या ब्रेकमध्ये टायर झेपवू शकेल त्यापेक्षा जास्त ताकद आधीच आहे. आता तिथे दुप्पट मोठा कॅलिपर लावला तरी गाडी त्याच अंतरात थांबणार, फक्त एबीएस थोडं लवकर लागेल.

१०० च्या वेगात, कोरड्या डांबरी रस्त्यावर, चांगले टायर असतील तर ब्रेक लागल्यापासून साधारण ४४ मीटर लागतात. आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला तर त्यात २८ मीटर आधीच गेलेले असतात. पाऊस पडला, टायर जुना कडक झालेला असला, की ते ४४ चे ७० व्हायला वेळ लागत नाही. सुरुवातीच्या जीटीला १८५ रुंदीचे १५ इंची टायर यायचे, आणि कित्येक गाड्यांवर नक्षी शिल्लक दिसते म्हणून सहा सात वर्षं तेच टायर फिरतायत. टायरच्या कडेला चार आकडी नंबर असतो, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तो आधी बघा. कारण पहिल्या एका ब्रेकचं अंतर कमी करायचं असेल तर चांगल्या रबराचे नवीन टायर हाच खरा ब्रेक अपग्रेड आहे, आणि हे मी अगदी ठामपणे सांगतोय.

पण मग मोठ्या ब्रेकचा उपयोगच नाही का? आहे. तो उपयोग पहिल्या ब्रेकला दिसत नाही, दहाव्याला दिसतो. इथे येते उष्णता, आणि उष्णता समजायला पसरणी घाटासारखी जागा नाही.

पाचगणीहून वाईकडे निघालं की साधारण पावणेसहाशे मीटर उतरायचं असतं. डावी-उजवी वळणं, रविवारची गर्दी, पुढे एसटी, धोमचं पाणी खाली चमकतंय, आणि गाडीचं वजन सतत खाली ओढतंय. माणसं धरून साडेबाराशे किलोची गाडी एवढी उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती किती, तर १०० च्या वेगावरून गाडी चौदा-पंधरा वेळा पूर्ण थांबवण्याएवढी. एका वेळेला १०० वरून थांबलात की पुढची पाच-साडेपाच किलोची डिस्क अंदाजे साठ-सत्तर अंशांनी तापते. आता हा हिशोब चौदा वेळा करा. वारा लागतो, थोडं थंड होतं, इंजिन आणि हवेचा विरोधही काही ऊर्जा खातो, पण ज्याने अख्खा घाट डी मध्ये ठेवून ब्रेकवर पाय घासत उतरवलाय त्याच्या पॅडचा वास तुम्हाला वाईत गाडी लावल्यावर येतोच.

तापल्यावर दोन वेगळ्या गोष्टी बिघडतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली म्हणजे पॅड. प्रत्येक पॅडच्या मटेरियलची एक मर्यादा असते, त्याच्या वर गेलं की घर्षण कमी होतं, पेडल नेहमीसारखं कडक लागतं पण गाडी काही थांबत नाही, कितीही दाबा. दुसरी जास्त भीतीदायक, ब्रेक ऑइल उकळतं. ऑइलला वाफ धरली की वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, आणि पेडल सरळ फ्लोअरला टेकतं.

हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, तो त्याचा स्वभावच आहे. डॉट ४ चं नवीन ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की त्याची किमान हमी १५५ वर येते. ७५ अंश गेले, आणि बाहेरून काही कळत नाही, गाडी शहरात मस्त थांबते. रत्नागिरी, मालवण, पणजीकडच्या दमट हवेत राहणाऱ्या गाड्यांनी तर हे अजिबात लांबणीवर टाकू नये. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, नुसतं वरून टॉपअप नाही, चारही चाकांतून जुनं पूर्ण काढून. हजार-दीड हजारात होणारं काम, आणि लाखाचं किट लावलेल्या पण चार वर्षं जुनं ऑइल असलेल्या गाडीपेक्षा मी घाटात साध्या ब्रेकची पण ताजं ऑइल असलेली गाडी घेईन. कुणी डॉट ५.१ घातलं तर अजून चांगलं, २६० आणि १८०. फक्त डॉट ५ नको, ते सिलिकॉनचं असतं, आपल्या गाड्यांच्या सिस्टिमसाठी नाही, नाव सारखं वाटतं म्हणून दुकानात नीट वाचून घ्या.

आणि गिअर. डीएसजी असली म्हणून गिअर आपल्या हातात नाहीत असं काही नाही, लिव्हर मॅन्युअलला ढकलायचा, दुसरा किंवा तिसरा धरायचा, इंजिन गाडीला मागे ओढतं आणि ब्रेक फक्त वळणाआधी लागतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा हे जुने ड्रायव्हर सांगायचे ते आजही तितकंच खरं आहे. बोर घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या ट्रकांचे ब्रेक निकामी झाले आणि समोरच्या गाड्या चिरडल्या गेल्या हे आपण पेपरात किती वेळा वाचलंय. माणसं गेलीत त्यात. कारवाल्यांनी तरी असली बचत करू नये.

आता मागच्या ड्रमबद्दल, म्हणजे डिस्कऐवजी बंद डब्याच्या आतून दाबणाऱ्या जुन्या पद्धतीच्या ब्रेकबद्दल, कारण जीटीवाल्यांचा सगळ्यात जास्त राग त्यावर. १९२ पीएसची पोलो जीटीआय आली तिला मागे डिस्क होत्या, आम्हाला का नाही? भावना समजते. पण जोरात ब्रेक लागले की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, आणि अशा पुढून ओढणाऱ्या छोट्या गाडीत थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या डिस्क करतात. मागे ड्रम आहे म्हणून गाडी पाच मीटर पुढे जाते असं होत नाही. फोक्सवॅगननेच पुढे आयडी ४ या भारी इलेक्ट्रिक गाडीला मागे ड्रम दिले, विचार करून दिले. मागे डिस्क बसवायच्या म्हटलं की हब, हँडब्रेकची केबल, पाइप, पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण, सगळं बदलतं, आणि त्या प्रमाणावर कंपनीच्या इंजिनियरांनी पावसात, लोडमध्ये, रिकाम्या गाडीवर चाचण्या केलेल्या असतात, त्या तुमच्या गॅरेजमध्ये कोण करणार?

हेच पुढच्या मोठ्या किटलाही लागू आहे. कॅलिपरच्या पिस्टनचा आकार मूळ मास्टर सिलिंडरशी, म्हणजे पेडलचा दाब ऑइलमध्ये उतरवणाऱ्या भागाशी, जुळला नाही तर पेडल लांब जातं, किंवा सगळा जोर पुढे येऊन मागची चाकं कामच करत नाहीत आणि अंतर उलट वाढतं. १५ इंची अलॉयमध्ये ते कॅलिपर बहुतेकदा बसत नाहीत, म्हणजे रिम आणि टायरही बदला, प्रत्येक चाकाचं वजन वाढलं, खड्ड्यांत गाडी जास्त आपटायला लागली. भोकं पाडलेल्या डिस्क दिसतात सुंदर, पण स्वस्तातल्या असल्या तर भोकाच्या कडेपासून तडे जातात.

मात्र ट्रॅकवर जाणार असाल तर माझं उत्तर बदलतं. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक असो की ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, जिथे एक सरळ पट्टा किलोमीटरभर लांब आहे, तिथे प्रत्येक लॅपला गाडी पूर्ण वेगातून खाली आणायची असते, थंड व्हायला वेळ मिळत नाही, आणि तिथे जाड डिस्क, मोठा कॅलिपर, ब्रेककडे हवा नेणारे डक्ट, हे सगळं पैसे वसूल करतं. त्यातही आधी पॅड आणि ऑइल बदलून एक दिवस चालवून बघा, तरीही ब्रेक दमले तरच किट.

रोडसाठी पॅड चांगल्या दर्जाचे घ्या, रोडसाठीच बनवलेले. रेसिंगचे नकोत, ते थंड असताना धरत नाहीत, सकाळी सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना समोर पोरगं आलं तर तेव्हा डिस्क थंडच असणार आहे. डिस्क झिजली असेल तर तीही बदला, तिच्यावर कमीत कमी जाडी कोरलेली असते, त्याच्या खाली गेलेली डिस्क लेथवर घासून वापरू नका. स्टीलच्या जाळीचे ब्रेक पाइप लावले तर पेडल जरा घट्ट लागतं, छान वाटतं, अंतर त्याने कमी होत नाही. आणि काहीही बदललं तरी इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा.

पॅड बदलल्यावर गॅरेजमधून थेट घाटात जायचं नाही. आधी मोकळ्या रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावायचा, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग घ्यायचा, असं आठ-दहा वेळा, म्हणजे पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो. मग ब्रेक न लावता दहा मिनिटं चालवून थंड करायचं. पॅडच्या डब्यात कागद असतो, त्यावर वेगळं लिहिलं असेल तर त्याप्रमाणे करा. बरेच मेकॅनिक हे सांगत नाहीत, आणि मग आठवड्याभरात स्टिअरिंग थरथरतंय म्हणून तीच गाडी परत गॅरेजला येते.