वास उशिरा का येतो?

(दृश्य: सत्तरी तालुका, एप्रिलची सकाळ. काजूच्या बागायतीत पेटलेली भाटी.)

एप्रिल आला की सत्तरीच्या डोंगरउतारांवर काजूची बोंडं पिकून गळू लागतात आणि जागोजागी दारू गाळायच्या भाट्या पेटतात. बोंडांचा आंबवलेला रस मोठ्या भांड्यात रटरटतो. त्याची वाफ नळीतून पुढच्या भांड्यात जाते, थंड पाण्यामुळे निवते आणि थेंब थेंब हुर्राक जमू लागतो.

भाटी दिसायच्या आधी तिचा वास येतो, हे गोव्यात सांगायला नको. बाहेर हे काम वाऱ्याचं. पण समजा, एका बंद खोलीच्या कोपऱ्यात कुणी हुर्राकाची बाटली उघडली आणि तुम्ही दुसऱ्या कोपऱ्यात बसला आहात. वास तुमच्यापर्यंत यायला वेळ लागतो.

इथेच एक कोडं आहे. मद्यार्काचे रेणू खोलीतल्या तापमानाला सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगानं धावत असतात. ह्या वेगानं पणजीहून निघालेला रेणू सव्वा मिनिटात फोंड्याला पोहोचायला हवा. मग समोरच्या कोपऱ्यात यायला त्याला इतका वेळ का?

एकोणिसाव्या शतकात हाच प्रश्न वायूंच्या एका नव्या सिद्धांतासमोर, गतिज सिद्धांतासमोर, उभा ठाकला होता.

(दृश्य: मैदानावर संध्याकाळचा सराव. मुलगा पंपानं चेंडूत हवा भरतो आहे.)

आधी तो सिद्धांत समजून घेऊ, आणि त्यासाठी गोव्यात फुटबॉलसारखी वस्तू नाही.

चेंडू टणक होतो तो कशामुळे? आत हवा भरली म्हणून, असं आपण म्हणतो. पण हवा म्हणजे बहुतांशी मोकळी जागा. दोन शेजारच्या रेणूंमधलं सरासरी अंतर रेणूच्या आकाराच्या साधारण दहापट असतं. एवढ्या विरळ वस्तूनं चामडं आतून ताणून धरावं, हे खरं तर आश्चर्यच. ते जमतं कारण हे रेणू सतत पळत असतात आणि आतल्या भिंतीवर आदळून उलट फिरतात. एकेक टोला अगदी क्षुल्लक. पण तुमच्या नखाएवढ्या जागेवर, म्हणजे साधारण एका चौरस सेंटिमीटरवर, साध्या हवेचे दर सेकंदाला जवळजवळ ३ वर २३ शून्यं इतके टोले बसतात. त्या सगळ्यांचा मिळून जो रेटा तयार होतो, तो त्याच जागेवर एक किलोचं वजन ठेवल्याइतका. हाच हवेचा दाब.

चेंडूत बाहेरच्या दुप्पट दाट हवा कोंबली की टोलेही दुप्पट. जागा निम्मी केली तर दाब दुप्पट, हा नियम रॉबर्ट बॉईल यांनी १६६२ मध्ये मांडला. त्यामागचं हे कारण १७३८ मध्ये डॅनियल बर्नुली यांनी सांगितलं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

ग्रांदी बेटाजवळ समुद्रात बुडी मारणाऱ्यांना बॉईलचा नियम श्वासागणिक भेटतो. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. तिथे छातीभर घेतलेल्या एका श्वासात वरच्या दुप्पट रेणू असतात, म्हणून पाठीवरची टाकीही दुप्पट वेगानं रिती होते. तिथला श्वास कोंडून वर आलात तर तीच हवा फुप्फुसात दुप्पट जागा मागते. वर येताना श्वास रोखायचा नाही, ही शिकवण पहिल्याच दिवशी का देतात, ते ह्यावरून कळेल.

(दृश्य: पंपाच्या नळकांड्यावर मुलाचा हात.)

पुन्हा मैदानावर येऊ. भरभर हवा भरताना पंप गरम होतो. ह्याचं श्रेय बहुतेक जण घर्षणाला देतात. थोडं घर्षण असतंच, पण मोठा वाटा वेगळा आहे. दट्ट्या आत सरकत असताना त्यावर आदळलेला रेणू आला त्यापेक्षा अधिक वेगानं परततो, समोरून येणाऱ्या पायाचा फटका बसलेल्या चेंडूसारखा. दट्ट्याच्या प्रत्येक दाबासरशी अब्जावधी रेणूंचा वेग असा वाढतो. आणि रेणूंचा वेग वाढणं म्हणजेच तापणं. तापमान ही वायूत भरलेली कुठली निराळी चीज नाही. रेणूंच्या धावण्यातली सरासरी ऊर्जा मोजायची ती एक पट्टी आहे. माझ्या मते भौतिकशास्त्रातल्या सर्वांत सुंदर शोधांपैकी हा एक, आणि शाळेत तो एका ओळीत उरकला जातो ह्याचं मला वाईट वाटतं.

पणजीच्या पायलटांच्या, म्हणजे भाड्यानं प्रवासी नेणाऱ्यांच्या, मोटारसायकलींचे टायर दुपारच्या रस्त्यावर जास्त टणक का होतात, हेही ह्यातच आलं. तापमान २७ अंशांवरून ५७ वर गेलं तर आतला एकूण दाब दहा टक्क्यांनी वाढतो. दहाच टक्के का, तर मोजणी बर्फाच्या बिंदूपासून करायची नसते. ती उणे २७३ अंशांपासून करायची, म्हणजे ३०० चे ३३० झाले.

(दृश्य: बंद खोली. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारी धूळ.)

आता तो वास.

१८५७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियस यांनी हा सिद्धांत नीट मांडला, तेव्हा बॉइस बॅलट नावाच्या डच हवामानतज्ज्ञानं नेमकी शंका काढली. रेणू इतके वेगवान असतील तर खोलीतला धूर तरंगत का राहतो? वास क्षणात का पसरत नाही? शंका रास्त होती, आणि क्लॉसियस यांनी ती टाळली नाही. १८५८ मध्ये त्यांनी उत्तर दिलं: रेणू वेगवान आहेत, पण त्यांना सरळ जाऊ कोण देतं?

चवथीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या माटोळीच्या बाजारात, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या बाजारात, शिरा. पाय कितीही चपळ असोत, दर पावलाला कुणाचा तरी धक्का लागतो आणि दिशा बदलते. हवेतल्या रेणूची गत ह्याहून कठीण. एका मिलिमीटरचे पंधरा हजार भाग केले, तर त्यातला एक भाग चालून होतो न होतो तोच त्याची दुसऱ्या रेणूशी टक्कर होते. अशा टकरा सेकंदाला सुमारे सात अब्ज. प्रत्येक टकरीनंतर नवी दिशा, कित्येकदा मागची. रेणू अखंड धावतो, पण जागचा फारसा हलत नाही.

अशा चालीचा एक विचित्र हिशेब आहे. दहापट लांब जायचं तर दहापट वेळ पुरत नाही, शंभरपट लागतो. अगदी निश्चल हवेत मद्यार्काच्या रेणूला केवळ ह्या धडपडीतून एक मीटर दूर जायला कित्येक तास लागतील. खोलीत वास त्याहून लवकर येतो तो हवेच्या बारीक प्रवाहांवर बसून: कुणी उठलं, दार हललं, भिंत थोडी तापली. म्हणजे बॉइस बॅलट यांना वास जेवढा संथ वाटत होता, त्याहून रेणूंची स्वतःची मजल कितीतरी संथ आहे. ज्या शंकेनं सिद्धांत मोडायला हवा होता, तिच्यामुळेच रेणूंच्या दोन टकरांमधलं अंतर विचारात घेणं भाग पडलं.

(दृश्य: मे महिना. फेरीबोटीत उभे प्रवासी, कपाळावर घाम.)

सगळे रेणू सारख्या वेगानं धावत नाहीत, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० मध्ये दाखवलं. काही सुस्त, काही भन्नाट, आणि मधल्यांची गर्दी. घाम वाळला की गार का वाटतं, ते ह्या फरकामुळे. त्वचेवरच्या पाण्यातले सर्वांत वेगवान रेणू शेजाऱ्यांची ओढ तोडून निसटतात, मागे सुस्त उरतात, म्हणजे पाणी निवतं. पण मे महिन्यातल्या आमच्या हवेत आधीच वाफ भरलेली असते. जेवढे रेणू निसटतात, जवळजवळ तेवढेच परत येऊन चिकटतात. म्हणून तो जीव नकोसा करणारा उकाडा. पंखा खोलीचं तापमान कमी करत नाही. तो फक्त त्वचेजवळची वाफ दूर ढकलतो, परतणाऱ्यांची वाट तोडतो.

अशा हवेला आपण जड म्हणतो. प्रत्यक्षात ती हलकी असते. पाण्याच्या रेणूचं वजन १८, नायट्रोजनचं २८, ऑक्सिजनचं ३२. दाब आणि तापमान तेच असेल तर तेवढ्याच जागेत रेणूंची संख्याही तेवढीच राहते. त्यामुळे वाफेचा प्रत्येक रेणू एका जास्त वजनदार रेणूची जागा घेतो.

पण हलक्या रेणूंचा रेटा जड रेणूंएवढा कसा भरतो? ते जास्त वेगानं धावतात म्हणून. तापमान सारखं असेल तर वेगाच्या वर्गाची सरासरी रेणूच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. चौपट जड रेणू निम्म्या वेगानं पळतो.

(दृश्य: मुंबई बंदराचं जुनं चित्र.)

हा नियम सर्वांत आधी ज्यांनी लिहिला, ते जॉन जेम्स वॉटरस्टन आपल्याच किनाऱ्यावर राहत होते, गोव्याच्या उत्तरेला मुंबईत. हे स्कॉटिश गृहस्थ तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातल्या उमेदवारांना शिकवत. १८४५ मध्ये, क्लॉसियस यांच्या बारा वर्षं आधी, त्यांनी वायूंच्या गतीवरचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवला. एका परीक्षकानं तो निव्वळ वेडगळ ठरवला, सभेत वाचण्याच्याही लायकीचा नाही असा शेरा मारला. निबंध छापला गेला नाही आणि परतही मिळाला नाही. तो सोसायटीच्या दप्तरात पडून राहिला.

मला ह्या माणसाबद्दल फार वाटतं. हजारो मैल दूर, विचार ताडून पाहायला जवळ कुणी नाही, आणि तरीही हिशेब बरोबर. १८८३ च्या जूनमध्ये ते एडिनबरातल्या घरातून फिरायला बाहेर पडले आणि परतले नाहीत. तोवर सिद्धांत क्लॉसियस, मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन यांच्या नावांनी जगभर गेला होता.

१८९१ मध्ये लॉर्ड रॅले यांनी दप्तरातून तो निबंध शोधून काढला. पुढच्या वर्षी स्वतःची प्रस्तावना जोडून त्यांनी तो रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात संपूर्ण छापवला. मुंबईहून निघाल्याला तेव्हा सुमारे ४७ वर्षं उलटली होती. वजन आणि वेग यांचा तो नियम त्यात होताच. शिवाय समान दाब आणि तापमान असताना समान जागेत रेणूही समान संख्येनं असतात, हेही वॉटरस्टन यांनी त्यातच सिद्ध करून दाखवलं होतं.