पुसल्यानंतर जागा किती वेळ ओली राहते?

घरी जंतुनाशक वाइप्स करायचे म्हटलं की सगळं लक्ष द्रावणाकडे जातं. कापड काय, हाताला लागेल ते. फसगत होते ती बहुतेकदा तिथेच, म्हणून आधी कापडाचं बोलू.

बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे बऱ्याच फरशी-क्लीनरमध्ये असणारं जंतुनाशक. त्याचे रेणू धनभारित असतात आणि ओल्या सुती कापडाचा पृष्ठभाग ऋणभारित. कापड ते धरून ठेवतं. डब्यात ओतलं तेव्हा प्रमाण अगदी बरोबर होतं, पण पिळून जे बाहेर येतं ते पातळ झालेलं असतं. अशा द्रावणाला पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचं नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेलं कापडच हवं. ब्लीचची गत आणखी वाईट. ते कापसाशी आणि कागदाशी प्रक्रिया करत स्वतः संपतं, वर कापडही विरतं. म्हणून ब्लीचचे वाइप्स भरून ठेवूच नयेत. हवंच असेल तर 5 टक्क्यांचं ब्लीच 20 मिली घ्या, पाणी घालून 1 लिटर करा, हातमोजे घालून ताज्या फडक्याने वापरा आणि उरलेलं त्याच दिवशी टाकून द्या.

अल्कोहोलला कापडाचं असं वावडं नाही. घरच्यासाठी तेच सोयीचं.

आयसोप्रोपिल अल्कोहोल 70 टक्के हवं. जास्त म्हणजे जास्त चांगलं, हा समज चुकीचा आहे. जंतूंमधली प्रथिनं बिघडवायला पाणीही लागतं, शिवाय 99 टक्क्यांचं अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जातं. 99 टक्क्यांचं असेल तर मोजपात्रात 355 मिली घ्या आणि 500 च्या खुणेपर्यंत उकळून गार केलेलं पाणी घाला. पाणी वेगळं मोजून ओतू नका. दोन्ही मिसळल्यावर आकारमान थोडं घटतं, खुणेपर्यंत भरलं की तो हिशेब आपोआप जुळतो. बाटलीवर आधीच 70 टक्के लिहिलेलं असेल तर पाण्याचा थेंबही नको. ‘एक कप अल्कोहोल, एक कप पाणी’ ही फार फिरणारी कृती आहे. 70 टक्क्यांच्या बाटलीवर ती वापरली की हाती उरतं 35 टक्के, आणि त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

आता किती भिजवायचं? कोरडं कापड तोला आणि त्याच्या साधारण तिप्पट वजनाचं द्रावण घाला. 100 ग्रॅम कापडाला सुमारे 340 मिली, कारण हे द्रावण पाण्यापेक्षा हलकं असतं. डबा झाकून रात्रभर ठेवा, मध्ये एकदा उलटा करा, नाहीतर तळचे वाइप्स गच्च आणि वरचे कोरडे राहतात. डबा एचडीपीई (एक टणक प्लास्टिक) किंवा पॉलिप्रॉपिलीनचा, घट्ट झाकणाचा असावा. अॅक्रिलिकला अल्कोहोलने तडे जातात.

कसोटी सोपी आहे. पुसा आणि घड्याळ बघा. जागा निदान 30 सेकंद ओली दिसली पाहिजे. आधीच सुकली तर द्रावण कमी पडलं, किंवा एकाच वाइपने अख्खं टेबल पुसलं गेलं. चिकट, मळकट जागा आधी साबणाने धुवा. मळाखालच्या जंतूंपर्यंत अल्कोहोल नीट पोहोचत नाही. आणि सगळंच काही त्याने मरत नाही: जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली त्यांची सुप्त रूपं, टिकतात, उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरसही बराच चिवट आहे. तिथे ब्लीच.

व्हिनेगर, लिंबू, सुगंधी तेलं? वास छान, भरवसा नाही. ब्लीचमध्ये तर यातलं काहीच घालू नका. व्हिनेगरने क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया असलेल्या क्लीनरने क्लोरामाइन, आणि अल्कोहोलबरोबरही विषारी पदार्थ तयार होतात.

डब्यावर नाव, टक्केवारी, तारीख लिहा. संपत आलेल्या डब्यात नवं द्रावण ओतू नका, धुऊन पूर्ण सुकवून मगच भरा. 70 टक्क्यांचं द्रावणही खोलीच्या तापमानाला पेट घेणारी वाफ सोडतं, तेव्हा चूल, निरांजन, गरम शेगडी यांच्याजवळ हे काम नको. वापरलेले वाइप्स उघड्यावर सुकू द्या आणि कचऱ्यात टाका. संडासात टाकलेलं नॉन-वोव्हन कापड विरघळत नाही, पाइपात अडकून बसतं.